चारशे अकरा शब्द

अरूस्टुकमध्ये ऑक्टोबर. बटाटे काढायला
शाळेला तीन आठवडे सुट्टी,
आणि माझ्या टेबलावर बावीस निबंध,
कॉलेजांना पाठवायचे.
नऊ जणांचे आजोबा वारलेत.
चौघे हरलेल्या मॅचमधून नेतृत्व शिकलेत.
एकजण ग्वाटेमालात तीन दिवस विहीर खणून
आमूलाग्र बदलून आलाय.

डेल्फीन मिशोचा हा तिसरा खर्डा.
पहिल्यात ‘जिद्द’ सहा वेळा.
दुसऱ्यात बाप, ट्रॅक्टरखाली गेलेला.
मीच म्हणाले होते, जरा खोलात जा.
तिनं तो परिच्छेदच काढून टाकला,
समासात लिहिलं : हे विकायचं नाही, मॅडम.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्यात फक्त पट्टा आहे.
पहाटे साडेपाचला हार्वेस्टरवर उभं राहून
सरकत्या पट्ट्यावरचे दगड वेचायचे.
चिखलात दगड नि बटाटा सारखेच दिसतात,
ती लिहिते, हातमोजा काढला की कळतं :
दगड जास्त थंड असतो.
शेजारी ओडेटकाकू. बोलत नाही.
दुपारी अर्धं सँडविच न विचारता पुढे करते.
इतकंच. शिकवण नाही, शेवटही नाही.
साडेसहाशेची मुभा असून
शब्द चारशे अकरा.

लाल पेन उघडलं,
‘आणि यातून तू काय’
एवढं लिहून खोडलं.
बाहेरून भरलेला ट्रक गेला,
वळणावर दोन-चार बटाटे सांडून.
एक स्वल्पविराम तेवढा हलवला मी.
मग, का कोण जाणे,
हात गालाला लावून पाहिला.
थंड होता.