पन्नास वॅट

पत्र आलं ते सोमवारी, नेमकं
रताळ्याचा भाव वाचायच्या वेळेला.
आग्नेलनं काचेपलीकडून धरून दाखवलं,
मागून उजेड, त्यामुळे मला उलटी अक्षरं दिसली
आणि एक गोल शिक्का.
मी भाव पूर्ण वाचला.
मग जांबोटीच्या गाडीची वेळ,
मग माईक निंगव्वाकडे सरकवला.
ती तेच सगळं कन्नडात सांगते, माझ्यापेक्षा हळू,
म्हाताऱ्यांना लिहून घेता यावं म्हणून.

आमचं केंद्र म्हणजे सोसायटीची जुनी खताची खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, त्यांवर गोणपाट,
दमट दिवसांत अजून युरियाचा वास.
छपरावर खांब, खांबावर पन्नास वॅट.
एवढ्यात एक दिवा धड पेटत नाही, आग्नेल म्हणायचा,
पण बारा किलोमीटर ऐकू जातं,
डोंगर आडवा आला तर नऊ.

पत्रात होतं : पुढील आर्थिक वर्षापासून.
पत्रात होतं : खेदपूर्वक.
दोन तासांचा एक तास करा,
आणि त्या तासात एकच भाषा ठेवा, खर्च वाचेल.
कुठली, ते लिहिलं नव्हतं.
त्या न लिहिलेल्या शब्दाकडे आम्ही तिघं बघत बसलो
चहावर साय धरेपर्यंत.
या मुलखात त्याच्यापायी
पाट्यांना डांबर फासलंय,
बसच्या काचा गेल्यात,
माझ्या काकांनी दोन महिने हिंडलग्याच्या तुरुंगात काढलेत.
निंगव्वा म्हणाली, अक्का, तू वाच.
मी म्हणाले, तू.
आग्नेल, ज्याची कोकणी कुठल्याच पत्रात नसते,
म्हणाला, तुम्ही भांडा, मी वायर गुंडाळतो.

मग आम्ही एक चोरी केली.
एक वाक्य माझं, पुढचं तिचं,
कुणाचंच परत न सांगता.
वाटलं होतं, ऐकणाऱ्याला अर्धंच कळणार.
तिसऱ्या दिवशी फोन :
"बाई, मळणीची मशीन कुणाकडं हाय ते तिनं सांगितलं,
भाडं तू सांगितलंस.
बरं लागूलालंय ऐकायला."
अर्धं कुणालाच कळलं नव्हतं.

हे अहवालाच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?
रकाना होता : श्रोते, पुराव्यासह.
काय जोडू?
अस्वल फिरतंय म्हणून सांगितलं, त्या संध्याकाळी
काजूच्या बागेत न गेलेली माणसं?
त्यांच्या पाठीवर न उमटलेली नखं?

ऑगस्टपर्यंत वीजबिल वर्गणीतून भरलं.
कुणी दहा रुपये दिले, कुणी दोन शेर तांदूळ.
तांदूळ हेस्कॉम घेत नाही,
ते आम्ही शिजवून खाल्ले.
मग खांबावरचा एक भाग जळाला
आणि त्याची किंमत ऐकून
आग्नेल पहिल्यांदा काहीच बोलला नाही.
उसना आणून दोन आठवडे काढले.

शेवटच्या दिवशी निरोपाचं वाक्य मी लिहून नेलं होतं.
वाचलं नाही.
निंगव्वा सवयीनं म्हणाली, नाळे.
उद्या.
आणि चुकलं म्हणून तिनं तोंडावर हात धरला तोवर
ते बारा किलोमीटर पोचलंही होतं.

नोंदवहीत एक निवेदन फुली न मारता राहिलंय :
यल्लाप्पा बिर्जे यांची म्हैस,
एक शिंग वाकडं, कपाळावर चांद,
नंदगडच्या माळावरून गेली ती आली नाही.
तीन दिवस वाचायचं कबूल केलं होतं,
एकच दिवस वाचलं.

परवा लाल बसमध्ये उभी होते,
खिडकीतून प्रत्येक म्हशीची शिंगं तपासत.
शेवटी न राहवून कंडक्टरला सांगितलं.
त्यानं तिकिटं फाडता फाडता ऐकलं,
बघितलं नाही माझ्याकडे,
आणि पुढच्या स्टॉपला दारात लोंबकळून ओरडला,
कन्नडात : शिंग वाकडं, कपाळावर चांद.
पारावरच्या चौघांनी माना वर केल्या.
त्याचं एक राहिलं होतं,
ते मी मागच्या खिडकीतून मराठीत घातलं :
गाभण आहे.