रजेचं कारण

बाळगोंडा मगदूम महिन्यानं कामावर आला.
अर्जात कारण लिहिलेलं : पाठदुखी.
ती पाठ मी वीस वर्षं बघतोय
शिरोलीच्या फौंड्रीत, लोखंड ओतताना.
दुखणं पाठीत नव्हतं.

पोरं म्हणाली, आलास व्हय रं,
आणि पुढं कुणालाच काही सुचेना.
एकजण उगीच वाळू चाळत बसला.

रात्रीची गोळी चुकवायची नाही म्हणालेत डॉक्टर,
हे त्यानं सांगितलं बुटांकडं बघत,
स्टोअरमधून काहीतरी उचलून नेल्यासारखं.
मी रात्रपाळीतनं नाव खोडलं.
भट्टीऐवजी कोअर-शॉप दिलं,
शेजारी लोहार, जो दिवसाला चार शब्द बोलतो.

सांगणार होतो,
साचा घाईनं फोडला की ओतीव तडकतं.
गिळलं.
हे मला त्यानंच शिकवलंय.

दुपारी डबा उघडला. खर्डा होता.
अर्धी भाकरी त्यानं माझ्याकडं सरकवली,
उरलेली, हळूहळू का होईना, संपवली.

पाळी सुटल्यावर कपाटातली जुनी फाईल काढली.
माझाही एक अर्ज आहे त्यात,
बायको गेली त्या सालचा.
कारण : ताप.
दिवस : चाळीस.
थर्मामीटर कुणी मागितला नव्हता.