धुण्याची पाळी

घराची किल्ली पहिल्याच दिवशी मिळाली,
कुलूप मिळायला अकरा आठवडे लागले.

दाराचं नव्हे.
स्टॉकहोममधल्या आमच्या इमारतीच्या तळघरात
धुण्याच्या खोलीबाहेर एक फळा आहे,
त्यावर महिन्याच्या तारखा, प्रत्येक तारखेखाली खाचा,
खाचांमध्ये अडकवलेली अंगठ्याएवढी पितळी कुलपं.
ज्या खाचेत तुमचं कुलूप, ते तीन तास तुमचे.
सोसायटीचा तोरब्यर्न म्हणाला, मागवलंय, येईल.
सरकारी नंबरही येणार होता, बँकेचं कार्डही,
आणि असं म्हणतात की उजेडसुद्धा, मार्चमध्ये.

तोवर मी बादलीत धुतलं, हीटरवर वाळवलं.
दुपारी तीनला बाहेर मिट्ट झालं की
खिडकीच्या काचेत दिसायची
हातात ओला मोजा घेतलेली एक बाई,
जिची या इमारतीत कुठेच खाच नाही.

फळ्याशेजारी चिठ्ठ्या असत.
तिसऱ्या मजल्यावरच्या गुनवोरच्या.
तिनं बत्तीस वर्षं भुयारातली मेट्रो चालवली,
समोर कुणी उभं असलं तरी ती बोलायची नाही,
लिहायची.
एकदा जिन्याच्या दिव्याखाली शब्दकोश उघडून
मी एका ओळीचा अर्थ लावला:
‘साबणाचा कप्पा पुसा. इथे तुमची आई राहत नाही.’
दिवा मिनिटाभराने आपोआप विझतो.
विझला. मी बटण दाबलं नाही.

संध्याकाळच्या वर्गात इंगालिल बाई शिकवत
की इथे नामांना लिंगं दोनच.
तो दरवाजा, ती खिडकी, ते कुलूप
अशा तीन घरांत वाढलेली मी
दोन खोल्यांत सारखी कशाला तरी धडकत असे.
शेजारच्या बाकावर अस्माराचा तेस्फालेम,
बस चालवून थेट वर्गात येणारा, जांभया देणारा.
म्हणाला, पहिला हिवाळा नवलाईत निघतो,
दुसऱ्याला मात्र जाड मोजे घे.
माझा पहिलाच होता. नवलाई कुठे होती
ते विचारायचं राहून गेलं.

फेब्रुवारीत कुलूप आलं. सतरा नंबर.
गुरुवारी संध्याकाळी सातच्या खाचेत मी ते फिरवलं
आणि खाली उतरले, दोन पिशव्या, अर्धा किलो पावडर,
सणाला जावं तशी.
वाळवणीच्या यंत्राची जाळी
कुणाच्या तरी राखाडी गाळाने गच्च भरलेली.

माझ्या भाषेत धुणं आणि उणंदुणं
एका भिंतीआड राहतात.
तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं,
‘कृपया जाळी साफ करा. आपण सगळे इथे राहतो.’
‘आपण’ लिहिताना पेन थोडं अडखळलं.
खाली नाव नाही, नुसतं सतरा.

शनिवारी बघते तर
जाळीचं लिंग लाल पेनानं दुरुस्त केलेलं,
नपुंसकलिंगी निघाली बिचारी,
आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात: ‘बाकी बरोबर.’

त्या दोन शब्दांवर मी आठवडा काढला.

पुढच्या गुरुवारी मी गरम चादर घेऊन एकटीच झगडत होते,
एक टोक हनुवटीखाली, दुसरं गुडघ्यात,
तेव्हा दार उघडून गुनवोर आत आली.
तिची पाळी नव्हती. काही विसरलं होतं का, माहीत नाही.
नमस्कार नाही, काही नाही,
तिनं समोरची दोन टोकं उचलली, मागे सरकली
आणि म्हणाली, द्रा.
म्हणजे, ओढ.

मी ओढली.
तिच्या बाजूनं मेट्रोचा ब्रेक लावल्यासारखा हिसका आला,
मी पुढे कोलमडले, ती हसली नाही,
पुन्हा म्हणाली तेच.