येऊन राहिलो

सक्करदऱ्याला मशीन नंबर तीन दुपारी एकला थांबलं.
पाण्यातलं मीठ मोजणारी बोटाएवढी नळी
खोटं बोलायला लागली म्हणून.

मी धंतोलीत, तिसऱ्या मजल्यावर,
कूलरच्या ओलसर वाऱ्यात.
डायलिसिसचं मशीन मी कधी पाहिलेलं नाही.
माझं काम जोडायचं.

मशीन ज्यांचं ते दुरुस्त करत नाहीत.
दुरुस्त करतात ते सुटे भाग ठेवत नाहीत.
ठेवतात ते मिहानमध्ये, भाड्याच्या गोदामात,
गोदाम दुसऱ्याचं, गेटवरचा गार्ड तिसऱ्याचा,
आणि गार्डच्या हातातलं रजिस्टर कोणाचंच नाही,
ते त्यानं स्वतःच्या पैशानं घेतलंय.

मार्चात पुण्याहून साहेब आले होते.
पडद्यावर गोल, गोलांतून बाण,
म्हणाले, आता आपण सगळे एक.
बाणाला घाम येत नाही.
वर्धा रोडच्या सिग्नलला बाण थांबत नाही.

एकाच नळीचे माझ्या टेबलावर पाच नंबर.
दिवसभर मी एकाचं दुसऱ्याला वाचून दाखवते,
आधी अक्षरं, मग आडवी रेघ, मग शून्य,
ओ नाही भाऊ, शून्य. शून्य.

पावणेतीनला सगळ्या स्क्रीन हिरव्या झाल्या.
गोदाम म्हणालं, आमच्याकडून गेलं.
कुरिअर म्हणालं, आमच्याकडे आलंच नाही,
मग उशीर आमचा कसा?
सगळे वेळेत, सगळे बरोबर,
मशीन बंद.
गेटच्या आत आणि गेटच्या बाहेर
यांच्या मधल्या चार हात सिमेंटवर
खोकं पडलं होतं, मे महिन्याच्या उन्हात.
ती चार हात जागा कुठल्याच करारात नव्हती.

सिस्टर म्हणाली, उमरेडचे यादोराव मेश्राम सकाळपासून बाकड्यावर आहेत,
पाय सुजलेत, घ्या, त्यांच्याशीच बोला.
"मॅडम, कोनापाशी अटकलं?"
कोणापाशीच नाही,
हे माणसाला कसं सांगतात?

मग मी ड्रॉवरमधली वही काढली.
टेकचंद लिल्हारे, छोटा हत्ती: दुपारी झोपतो, बायकोच्या नंबरवर करावा.
गार्ड निखाडे: आधी मुलीच्या बारावीचं विचारावं.
रोशन, टेक्निशियन: नाही म्हणत नाही, म्हणून हो धरू नये.

निखाडेंना विचारलं. एकाहत्तर टक्के.
अभिनंदन म्हटलं, मनापासून म्हटलं,
तोवर खोकं सावलीत आलं होतं.
टेकचंद दवाखान्याला पाण्याचे कॅन देतो,
त्याच्या मालकाचा या नळीशी काडीचा संबंध नाही.
रस्ता तेवढा तोच.
"टाका समोर, मांडीवर घेतो," म्हणाला,
आणि एक हात खोक्यावर ठेवून मानेवाड्यापर्यंत आला.

रोशनला साडेतीनला केला. येऊन राहिलो.
सव्वाचारला केला. येऊन राहिलो.
पुण्याच्या साहेबांना वाटलं असतं,
आला बिचारा, आणि मुक्कामालाच राहिला.
आमच्याकडे त्याचा अर्थ,
चप्पल शोधतोय.

पाच वाजून दहाला सिस्टरनं फोन मशीनजवळ धरला.
बारीक घरघर, पंपाची, संथ,
तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकली.
मी कूलर बंद करून ऐकली.

चार तास सुई म्हणजे सव्वानऊ.
उमरेडची शेवटची एसटी साडेआठची.
ते कोणाच्याच गोलात नव्हतं.
माझ्या वहीतही नव्हतं.

नऊला यादोरावांचाच फोन आला, हळू आवाजात,
शेजारचा पेशंट झोपला असावा.
"मॅडम, चार कंपन्यांचे मेसेज आले.
सेवेले तारे द्या म्हनतात.
कोनाले देऊ?"

मी म्हटलं, राहू द्या ते. गाडीचं काय?

"पाहून राहिलो," म्हणाले.