इनपुट शॉर्ट करून

बोर्ड फेसाच्या खाचेत निजलेला,
हिरवा, तळहाताएवढा.
मनगटाला पट्टा, पट्ट्याची तार जमिनीला,
मगच हात लावायचा
हा ओडमुंडचा नियम.
तीस वर्षं बोटींच्या इंजिनखोलीत काढून
तो आता आमच्या सोल्डरिंगच्या टेबलाशी बसतो,
दोन्ही कानांत वाटाण्याएवढी यंत्रं घालून.

नोव्हेंबर. ट्रॉन्डहाइमला तीन वाजताच
खिडकीबाहेरची नदी दिसेनाशी होते.

तिसरा जंपर एक-दोनवर नको, दोन-तीनवर.
माहितीपुस्तिकेत चित्र आहे, चित्र चुकलेलं आहे,
चुकीची कबुली शेवटच्या पानावर
मुंगीच्या अक्षरात.
पाच व्होल्ट आधी मीटरवर बघायचे, मग जोडायचे.
मागच्या हिवाळ्यात मी उलटं केलं होतं.
त्या बोर्डाचा जळका वास
माझ्या लोकरीच्या स्वेटरातून अजून गेला नाही.

दिवा लागला. संगणकानं बोर्डाला ओळख दिली,
तिसऱ्या खेपेला, केबल बदलल्यावर.

इनपुटची दोन्ही टोकं मी एकमेकांना जोडली.
आता आत काहीही जात नाही.
आता सांग, तुला काय ऐकू येतं?

तीन, उणे दोन, शून्य, पाच,
उणे एक, शून्य, दोन.
एक कोटी सदुसष्ट लाख पायऱ्यांचा जिना
आणि हा तळच्या चार-पाच पायऱ्यांवर
झोप न लागलेल्या पोरासारखा वरखाली करतोय.
ते ठीक. तेवढं चालतं.
पण आलेखात, कापलेल्या गवतात,
एकच काडी ताठ उभी.
एकोणीस किलोहर्ट्झ.

टेबलावरचा दिवा बंद केला. काडी तिथेच.
चार्जर काढला, फोन बाहेर ठेवला,
हीटर बंद करून कुडकुडत बसले.
तिथेच.
ओडमुंड कॉफी आणायला गेला
आणि गवत सपाट झालं.
तो परतला. काडी उभी.
“परत जा,” मी म्हणाले.
“कॉफी तर आणली,” तो म्हणाला.
चार वेळा त्याला दारातून आत-बाहेर केलं.
पाचव्यांदा दारातच थांबून
त्यानं हळूच एक बोट कानाकडे नेलं.

ती दोन यंत्रं आपसात बोलत असतात,
एका कानातून दुसऱ्या कानात, त्याच्या डोक्याआडून,
फार वरच्या पट्टीत.
आमच्या मोजणीला ती पट्टी झेपत नाही,
म्हणून ती खाली येते,
एकोणीस किलोहर्ट्झचं नाव सांगणारा
तोतया होऊन.

त्यानं दोन्ही यंत्रं काढली,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातली,
डबा जिन्याजवळच्या कोनाड्यात ठेवून आला.
काडी गेली.
मी “गेली!” म्हणून ओरडले.
तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
मग मी अंगठा दाखवला.

“म्हणजे शांत असायला मीच बहिरा हवा,”
तो म्हणाला, गरजेपेक्षा फार मोठ्यानं.
पलीकडच्या खोलीतून युरुननं डोकावून पाहिलं.
मला हसावं की नाही कळेना. तोच हसला.

मग हायड्रोफोन जोडला.
उद्या तो फ्योर्डात चाळीस मीटर खाली जाणार आहे,
आज फरशी पुसायच्या लाल बादलीत.
ओडमुंड बादलीशी उकिडवा बसला,
नखानं कडेला टकटक केली
आणि मान वळवून पडद्याकडे पाहिलं.
रेघ उसळली, थरथरली, विझत विझत बसली.
पुन्हा टकटक. पुन्हा उसळी.
मग त्यानं पाण्याजवळ तोंड नेलं
आणि काहीतरी पुटपुटला,
एवढं हळू की मला ऐकू आलं नाही.

पडद्यावर मात्र आलं.
फाइल ठेवली आहे. नाव दिलं, “बादली, ०३”.
अजून उघडून ऐकलेली नाही.
जिन्याजवळचा डबा आणायला मी स्वतः गेले.