पांढरी पाच, जरा चढी

दिवाळीत तीन बल्ब बदलले, तेव्हापासून
हॉलमधला उजेड डोळे मिचकावतो.
फिरकी पूर्ण फिरवली तर शहाण्यासारखा जळतो.
अर्ध्यावर आणली, की थरथर.
पावावर आणली, की विझतो
आणि डिमर भिंतीत गुणगुणत राहतो
एकटाच.

मी वॉर्डातल्या सवयीनं केसपेपर भरला.
त्रास कधीपासून? दिवाळीपासून.
कशानं वाढतो? कमी केल्यानं.
ताप? हात लावून पाहिला, कोमट.
याआधी काही? वीस वर्षं बिनतक्रार.
घरात इतर कुणाला? पंखा, गिझर ठणठणीत.

बल्बांची अदलाबदल केली,
मेन बंद करून चालू केला,
फिरकीत फुंकर मारली.
मिरजेत घरगुती उपाय संपले
की माणूस तज्ज्ञ गाठतो,
गावच तसलं आहे.

तज्ज्ञ आला. बसगोंडा, वय बावीस,
आयटीआय, कानावर टेस्टर.
मेन उतरवला, स्क्रू काढून दातांत धरले,
डिमरची पाठ तपासली.
डाग नाही, सैल वायर नाही.
स्क्रूंसकट बोलला,
'ताई, ह्याला काय बी झालेलं न्हाई.
उपाशी हाय.'

'ह्यो जुन्या पिवळ्या गोळ्यांचा डिमर.
कमीत कमी चाळीस वॅट खेचणारं
कुणीतरी समोर पायजे.
तुमचे तिघं मिळून सत्तावीस.
खोक्यावर लिवलंय बगा, बारीक,
डिमरला लावू नये.'

मी चष्म्याशिवाय खरेदीला गेले होते.

'आणि हा आवाज?'
'करंट कापतो ह्यो, सेकंदाला शंभर येळा.
कापल्यावर आवाज हुतोयच की.'
मेन वर ओढून त्यानं फिरकी अर्ध्यावर आणली, ऐकवायला.

दार उघडंच होतं.
समोरच्या कारखान्यातले दस्तगीरचाचा आत आले,
नखांत लाख, हातात तंबोऱ्याची खुंटी.
'थांबा. कुणी बोलू नका.'
भिंतीला कान लावून उभे राहिले,
चहा निवेपर्यंत.
'पांढरी पाच,' म्हणाले. 'जरा चढी.'

बसगोंडानं स्क्रू दातांतून काढून खिशात ठेवले.

नवा डिमर, त्याला चालणारे नवे बल्ब,
हिशेब दीड हजारापुढे गेला.
'पगार हुईस्तोवर एक करा,
तिघांत एक जुना गोळा घाला, साठचा.'

साठच्या गोळ्यासाठी चार दुकानं पालथी घातली.
लक्ष्मी मार्केटात एक म्हातारा शिडीवर चढला,
बंडीनं पुसून गोळा हातात दिला, आणि
'घरात कोण आजारी आहे का?' विचारलं.

कुणी नाही.
माझ्या वॉर्डात उजेडाला दोनच पायऱ्या,
एक लख्ख, आणि दुसरी
टॉर्चवर धरलेला तळहात,
बोटांच्या कडा लाल दिसतात तेवढाच.
घरी आल्यावर मला
मधलं काहीतरी लागतं.

साठचा मधोमध लावला.
फिरकी खाली आणली, अर्धी, पाव.
तार पिवळी, मग केशरी, मग
आहे एवढं कळण्यापुरती.
नव्यांपैकी एक त्याच्या जिवावर निवला,
दुसरा अजून मधूनच लुकलुकतो.
त्याचं वय आहे.

गुणगुण तशीच राहिली.
चाचा आता संध्याकाळी खुर्ची घेऊन
डिमरखाली बसतात,
मांडीवर अर्धवट तंबोरा,
तारांखाली दोरा सरकवत.
'नवा आणायची घाई नको,' म्हणतात,
'फुकटचा षड्ज आहे.'

काल मात्र दोरा हातातच राहिला.
'आज उतरलाय गं.'
जरा वेळानं, हळूच,
'वीज उतरलीय, की कान?'

मला सुरातलं काही कळत नाही.
नाडी बघावी तसा भिंतीला हात लावला.
'वीज,' म्हणाले,
रात्री तीन वाजता पेशंटशी बोलतो
त्या आवाजात.