वेश क्रमांक सात

परसोडीच्या आयटी पार्कात, चौथ्या मजल्यावर
मी दिवसाला तीनशे वेळा पकडली जाते.
पगार त्याचाच आहे.
भोसल्यांच्या वेळचं नागपूर बांधलंय आम्ही पडद्यावर :
शुक्रवारी तलावात मशालींचे हलते तुकडे,
महालाच्या बोळात कडब्याची गंजी,
गंजीमागे दोन सेकंद बसलं की वेश बदलतो.

पगडी जाते, पखाल येते.
पखाल जाते, खांद्यावर कोष्ट्याचं ओलं सूत.
गारुडी, हरकारा, पानसुपारीवाला...
अंगठ्याखाली एक चक्र फिरतं, माणूस दुसरा होतो.
पहारेकऱ्याच्या डोक्यावर तरंगतो एक डोळा.
पांढरा, तोवर तू कोणीही नाहीस.
पिवळा झाला, म्हणजे त्याला काहीतरी आठवतंय.
लाल झाला की नगारा वाजतो
आणि मी नोंद करते :
हरकारा रमतगमत चालला, तरी संशय नाही. चूक ४१२.
भिश्ती तलावात पडला, कोरडा निघाला. चूक ४१३.

सातवा वेश हुजऱ्याचा.
पांढरा अंगरखा, हातात तबक, तबकात पाण्याचे पेले.
याच्यावर डोळा पिवळा होतच नाही.
दफ्तरात गेले, खजिन्यात गेले,
खलबत चाललं होतं त्या दालनात
बैठकीच्या मधोमध उभी राहिले पाच मिनिटं.
कोणी बोलायचं थांबलं नाही.
जरीपटक्याचा रौनक छाबरानी, आमचा डिझायनर, म्हणाला,
"यार, हा वेश फारच ताकदवान झाला. थोडा कमी करू."
आणि त्याने आकडा भरला :
चौदा पावलांच्या आत आला, की संशय.

मे महिना. सेहेचाळीस.
वर्धा रोडच्या सिग्नलवर आम्ही साऱ्याजणी
स्कार्फात गुंडाळलेल्या, डोळेही गॉगलमागे.
गोळीबार चौकात घरी पोचले,
तोंडावरचा एकेक पदर सोडवला,
तेव्हा कुठे शेजारच्या पोराने मला ताई म्हटलं.

कूलरसमोर बाबा. शालिकराम नंदनवार.
बावीस हिवाळी अधिवेशनं, रोजंदारीवर,
विधानभवनात चहा-पाण्याचा ट्रे.
कोणाचं खातं जाणार, कोणती गिरणी बंद पडणार,
पेपरच्या आधी त्यांच्या कानावर.
घरी कधी एक शब्द नाही.
एकदाच म्हणाले होते,
"मी होतो ना तिथं. पन नव्हतो बी."

रात्री लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला.
"गवतात कायले बसवतं मले?"
गंजी ओलांडून गेले सरळ.
चक्र फिरवलं, भिश्ती नको, गारुडी नको,
सातवर थांबले.
मी हळू चालते ती भीतीने.
ते हळू चालले, कारण पेले भरलेले होते.
दारात जरा तिरपे झाले,
आधी तबक आत, मग स्वतः.
हे आम्ही शिकवलेलं नव्हतं कोणाला.

अकराव्या पावलावर डोळा पिवळा झाला.
मी ओरडले, "पळा!"
ते पळाले नाहीत.
पहारेकऱ्यासमोर उभे राहून
एकेक बटन दाबून पाहिलं.
"याले पानी द्याचं बटन कोनतं?"
"नाही आहे, बाबा."
"मंग ओयखनच ना तो."

नगारा वाजला.
ते उठून कूलरमध्ये पाणी टाकायला गेले.

सकाळी लिहिलं : चूक ४३१.
तबकात पाणी आहे, पण कोणाला देता येत नाही.
दुपारी रौनकचं उत्तर आलं :
चूक नाही. पाणी फक्त देखाव्यापुरतं. बंद करतोय.

डिसेंबरला अजून सात महिने आहेत.
खिळ्यावरचा पांढरा शर्ट बाबांनी काल उतरवला,
निळीत बुडवला,
आणि कॉलर उसवून उलटी लावायला
कोपऱ्यावरच्या टेलरकडे दिला.